तिसरा कप

अमेरिकेत आयोवा राज्यातल्या टिमर ग्रोव्ह गावात, जर्मनीच्या किनाऱ्यावरून येऊन वसलेल्या जुन्या फ्रिसियन घरांचा एक नियम आहे. पाहुण्याने चहा घ्यायचा तर तीन कप. आधी खडीसाखर, वर कढत चहा, शेवटी सायीचा थेंब, आणि ढवळायचं नाही. पुरे झालं की चमचा कपात ठेवायचा. तीन कपांच्या आत उठलं तर यजमान मनाला लावून घेतो.

आर्लिसबाई फोकर्ट्स मात्र तीन वर्षं रोज दोन कपांवर उठत होत्या. नवरा मर्ल गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात होता. डोकं थकल्यापासून तो दुसऱ्या कुणाच्या हातचा घास घेईना. बाईंचे डोळे अधू, गाडी चालवणं सुटलेलं. नगरपालिकेची म्हाताऱ्यांसाठीची व्हॅन त्यांना अकराला सोडायची आणि एकला न्यायला यायची. जेवण भरवून, थर्मासमधला चहा ओतून दुसरा कप संपतो न संपतो तोच ड्रायव्हर गॉर्डीचा हॉर्न वाजे. मर्ल रिकामा कप पुढे धरून बसलेला असे. "उद्या," असं म्हणून बाई निघत. तो हात रस्ताभर डोळ्यांपुढून हलत नसे.

आता यात बाईंचीही थोडी चूक होतीच. घरपट्टी पेन्शन खात होती, म्हणून निवडणुकीत त्यांनी हौसेने अंगणात पाटी रोवली: 'घरपट्टी कमी करा, म्हाताऱ्यांची घरं वाचवा.' राज्य सरकारने खरंच कायदा केला, घरपट्टीवर मर्यादा घातली. बाईंनी पाटी काढली, तिची तारेची चौकट पिओनीच्या जड फुलांना टेकू म्हणून ठेवली, आणि शेजाऱ्यांना केक वाटला.

वर्षभरात गावाच्या तिजोरीत खडखडाट झाला. ग्रंथालय तीनच दिवस उघडू लागलं, पोहण्याचा तलाव कोरडा राहिला. मग व्हॅनची पाळी आली.

नगरपालिकेच्या सुनावणीत बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं होती. बाई माइकपुढे उभ्या राहिल्या. समोर नगरसेवक हार्लन होता, लहानपणी चर्चच्या रविवारच्या शाळेत बाईंनीच त्याला प्रार्थना शिकवलेली.

"माझी घरपट्टी जेवढी कमी झाली तेवढी परत घ्या," बाई म्हणाल्या. "व्हॅन ठेवा."

"देणगी घेता येईल, आर्लिसबाई. पण तेवढ्यात व्हॅन दोन दिवससुद्धा चालणार नाही." हार्लनने मान खाली घातली. "कर वाढवायला वरून बंदी आहे. ॲम्ब्युलन्स की व्हॅन, एवढंच आमच्या हातात उरलंय. आणि पाटी तर तुमच्याच अंगणात होती ना?"

बाई खाली बसल्या. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता.

जुलैपासून व्हॅन बंद झाली. गॉर्डीने दोन आठवडे स्वतःच्या ट्रकमधून ने-आण केली. पण त्याचीही नोकरी गेलेली. त्याला लांबच्या गावात काम मिळालं, आणि हे सांगताना तो बाईंपेक्षा जास्त रडवेला झाला. पुढचे चार दिवस बाई जाऊ शकल्या नाहीत. पाचव्या दिवशी आश्रमातून फोन आला, मर्लने पाण्याखेरीज काही घेतलेलं नाही.

बाईंनी रात्रभर विचार केला नाही. त्यांनी त्याच दुपारी घरं विकणाऱ्या मुलीला बोलावलं. 'घर विकणे आहे'ची पाटी कुठे रोवू म्हणून ती अंगणात जागा शोधू लागली, तशी बाईंनी फुलं सरून गेलेल्या पिओनीकडे बोट दाखवलं. "ती चौकट घे. पक्की आहे. मागच्या खेपेला मीच ठोकली होती." ज्या घरासाठी पाटी लावली, ते घर आता त्याच तारेवर विकायला निघालं. बाईंना हसूच आलं, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन त्या मनसोक्त रडल्या. चाळीस वर्षांचं घर होतं. ते विकेपर्यंत शेजाऱ्यांनी पाळी लावून बाईंना रोज तासाभरासाठी आश्रमात नेलं.

सप्टेंबरात घराच्या पैशांतून वृद्धाश्रमातच, मर्लच्या खोलीपासून तीन दारं सोडून, त्यांना खोली मिळाली. पहिल्या दिवशी बाईंनी सूप भरवलं, चहा ओतला. दुसरा कप झाला. मर्लने सवयीने खिडकीकडे पाहिलं.

"गाडी आली असेल तुझी."

"आता गाडी नाही येत रे."

त्याला कळलं की नाही कोण जाणे. त्याने रिकामा कप पुढे धरला, तसाच, रोजच्यासारखा. बाईंनी खडीसाखर टाकली, वर चहा ओतला. साखर तडकल्याचा बारीक आवाज दोघांनीही ऐकला. मर्लने तो कप अगदी सावकाश संपवला, चमचा उचलला आणि कपात ठेवला.