डब्यातली चाकं

"इथे ठेवा," मॅनेजर म्हणाला. "दारातून आत आलं की पहिलं हेच दिसलं पाहिजे."

तिने जागा पाहिली. भिंत कोरडी, जमीन सपाट, प्लगपॉइंट हाताशी. कॉफीच्या मशीनला एवढंच लागतं. पण नवऱ्याची कंबर गेली आणि हा धंदा तिच्या अंगावर पडला, तेव्हापासून ती जागेपेक्षा आजूबाजूलाच जास्त पाहायला शिकली होती. हातमोजे शिवायच्या त्या लांबलचक हॉलमधल्या ट्यूबलाइट एकाआड एक काढून घेतलेल्या होत्या. शिवलेले मोजे चढवून सरळ करायचे धातूचे पंजे रांगेने उभे होते, पण त्यातली एकच रांग तापलेली होती. बाकीचे पंजे गार, बोटं वर करून, वर्गात कुणीच विचारत नसलेल्या मुलांसारखे. भिंतीवरच्या खुंट्यांना बायकांचे कप टांगले होते. ओळखीसाठी प्रत्येकाच्या कानाला वेगळ्या रंगाचा दोरा. मागच्या रांगा ताडपत्रीने झाकल्या होत्या.

"तिकडे काय आहे?"

"शिलाई मशिनं. सर्व्हिसिंग चाललंय."

त्याने कॉफी केवढ्याला देणार ते विचारलं नाही. कॉफी कसली, तेही नाही. आजवर कुठल्याही जागी पहिला प्रश्न तोच असायचा. घासाघीस न करणारा माणूस पाहून तिने काढून घेतलेल्या ट्यूबलाइटांच्या जागा पुन्हा एकदा मोजल्या.

"साहेब, स्पष्टच विचारते. जागा टिकेल ना?"

मॅनेजरच्या शर्टाची इस्त्री कडक होती आणि डोळे रात्रभर न झोपलेल्या माणसाचे. "मोठं गिऱ्हाईक कारखाना बघायला येतंय. हॉल भरलेला दिसला तर ऑर्डर मिळेल आणि आपण तरू. पण रोज एकेक बाई गळतेय. बुडत्या जागी कुणी नवं मशीन आणत नाही, हे त्यांनाही कळतं. तुमचं मशीन दिसलं की थांबतील." त्याने बायकांकडे एक नजर टाकली. "कुणी विचारलं तर म्हणा, जागा चांगली आहे."

"मी काही म्हणणार नाही, साहेब."

"तेवढंही पुरे."

घरी ते मशीन बाहेरच्या खोलीत उभं होतं, कपाट हलवून केलेल्या जागेत. नुसतं पडू दिलं तर आतले रबर सुकतात, म्हणून अधूनमधून चालवावं लागायचं. मग घरभर कॉफीचा वास सुटायचा आणि नवरा पलंगावरून म्हणायचा, "आलं बघ तुझं गिऱ्हाईक." म्हणजे तोच.

आधीची दोन्ही मशिनं एका रंगाच्या कारखान्यात होती. एका सकाळी बँकेच्या लोकांनी गेटला सील ठोकलं. "आमचं आहे हो ते, कारखान्याचं नाही," असं नवरा अधिकाऱ्यासमोर काठी टेकून कितीतरी वेळ सांगत राहिला. "आत जे आहे ते सगळं जप्तीत," एवढंच उत्तर मिळालं. तेव्हापासून घरात उरली ती त्या मशिनांची चाकं.

नवऱ्याची ती पद्धतच होती. मशीन जागेवर नेलं की तो आडवा होऊन खालची चाकं काढायचा, त्या जागी लोखंडी पाय बसवायचा आणि पाणसळ लावून मशीन सरळ करायचा. चाकांवर मशीन हलतं, कॉफीची धार चुकते, हे खरं कारण. पण तो म्हणायचा, "चाकं काढली की आपण त्या जागेचे झालो." काढलेली चाकं घरी बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात येऊन पडायची. चाकं डब्यात आणि मशिनं सीलबंद गेटाआड, हा हिशेब त्या घरात कुणी बोलून दाखवत नसे. डबाच कुणी उघडत नसे.

"काय म्हणाला मॅनेजर?" ताईंनी पाण्याचा तांब्या पुढे करत विचारलं. ताई म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. आईमागे त्यांनीच त्याला वाढवलं होतं, आणि त्यापायी स्वतःचं लग्न राहून गेलं होतं. हातमोज्यांच्या त्याच कारखान्यात त्या गरम पंज्यांवर मोजे चढवायच्या. त्यांच्या बोटांची टोकं इतकी भाजून निबर झाली होती, की उकळत्या दुधाचं पातेलं त्या नुसत्या हाताने उतरवायच्या.

"जागा दाखवली. कोरडी आहे."

"अगं, जागा कोरडी आहे ते मलाही माहीत आहे. रोज तिथेच मरते ना मी. तू ठेवतेयस का ते सांग."

"तुम्ही कशाला एवढं मनावर घेता, ताई?"

"हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातून बोलावणं आलंय. शनिवारपर्यंत कळवायचंय. पण इथून आपणहून सुटले तर इतक्या वर्षांच्या नोकरीचं मिळायचं ते सगळं बुडालं. आणि थांबले अन् कुलूप लागलं, तर हेही गेलं आणि तेही." ताई खाली बसल्या. "मी आपलं ठरवून टाकलंय. तू मशीन ठेवलंस तर थांबते."

"माझ्या मशीनवर काय ठरवता!"

"मग कशावर ठरवू? मॅनेजर म्हणतो सगळं ठीक आहे. शिलाईतली एक बाई म्हणते उद्याच बंद. तिला विचारलं, कशावरून? तर म्हणे स्वप्न पडलं. तुझं निदान पोट आहे त्यात. तू उगीच नाही ठेवायचीस."

"ठेवणार म्हणजे ठेवणारच," नवरा पलंगावरून बोलला. "घरात उभं करून काय त्याच्याशी गप्पा मारायच्या? दुसरी जागा दाखव ना मला. गावभर हिंडलीस, कुणी दारात उभं केलं?"

"आणि हेही आत गेलं तर?"

"तर मीही गेलो," तो हसत म्हणाला.

ताई जेवायचं बघायला उठल्या. त्या आत गेल्यावर त्याने उशीखालून पाना काढला आणि तिच्या हातात दिला. "पाय पिशवीत टाकलेत. चाकं विसरू नकोस, डब्यात परत आण." पाना त्याने लगेच सोडला नाही. हट्टाने बोलणाऱ्या माणसाने असा पाना धरून ठेवला की काय समजायचं, ते तिला कळत होतं. पण नाही म्हणायचं तर दुसरं काय म्हणायचं, ते कळत नव्हतं.

सकाळी कारखान्याच्या वॉचमनने मशीन आत ढकलायला मदत केली. बायकांनी माना वळवून पाहिलं. "बाई, साखर जास्त टाका हो, इथे तोंड गोड करायला दुसरं काही नाही!" शिलाईतली ओरडली आणि हशा पिकला. मॅनेजर दारात उभा राहून तो हशा ऐकत होता, तापलेल्या माणसाने वारा घ्यावा तसा.

ती पिशवी उशाला घेऊन जमिनीवर आडवी झाली. पाना पहिल्या बोल्टला लावला. जोर द्यायला मान वळवली, तेव्हा जमिनीलगत, टेबलांच्या पायांमधून, तिची नजर थेट ताडपत्रीखाली गेली.

उभ्या माणसाला ती ताडपत्री जमिनीपर्यंत आल्यासारखी दिसायची. ती वीतभर वर होती. खाली शिलाई मशिनांच्या टेबलांचे पाय दिसत होते आणि एकही पाय जमिनीला लागलेला नव्हता. जमिनीत रुतवलेले बोल्ट सगळे काढलेले, भोकं रिकामी. टेबलं लाकडी गोल ओंडक्यांवर उचलून ठेवलेली, सगळ्यांची तोंडं मागच्या दाराकडे. कुणी एक धक्का दिला असता तर रांगच्या रांग बाहेर चालू लागली असती.

ती तशीच पडून राहिली. गार जमिनीतून कुठल्यातरी पंख्याची घरघर कानात येत होती. उठून मॅनेजरला विचारावं? तो म्हणेल, सर्व्हिसिंग. ताईंना हाक मारावी? काही बोलणार नाही असा शब्द दिला होता तिने. आणि मशीन परत न्यायचं तर घरी पलंगावर नवरा पाणसळ बरोबर आली का, एवढं एकच विचारायला टपून बसलेला.

तिने पाना बोल्टवरून काढला. पिशवीत लोखंडी पाय एकमेकांवर वाजले. मग ती उठली, साडी झटकली, प्लग लावला. मशीन किंचित हललं आणि गुरगुरायला लागलं.

पहिला कप मॅनेजरने घेतला, सगळ्यांना दिसेल असा उंच धरून.

सुट्टीच्या घंटेला ताई आल्या. खुंटीवरचा लाल दोऱ्याचा कप त्यांच्या हातात होता. त्यांनी मशीनला वरून खाली न्याहाळलं, घरचं माणूस परक्या ठिकाणी भेटावं तसं. नजर खाली गेली आणि तिथेच राहिली. दोघींमध्ये चार काळी रबरी चाकं होती.

"साखर किती, ताई?"

"नेहमीएवढी."

धार कपाच्या कडेला लागून थोडी सांडली. ताईंनी ती पदराने पुसली. उभ्या उभ्या, एकेक घोट घेत, तळ दिसेपर्यंत कॉफी प्यायली. मग नळावर कप धुतला, कोरडा केला आणि खुंटीला न लावता पिशवीत टाकला.

"बरी झालीये हो कॉफी," त्या म्हणाल्या. "कप घरी नेते. कड टवकलीये त्याची."

कड टवकलेली नव्हती. शिलाईतलीने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी ताई आल्या नाहीत आणि शिलाईतलीची हिरव्या दोऱ्याची खुंटीही रिकामी झाली. मग पिवळ्या, मग निळ्या. बायका मशीनपाशी यायच्या, चपलेचा पट्टा नीट करायला म्हणून वाकायच्या आणि उठताना तिच्या डोळ्यांकडे न बघता पैसे टाकायच्या. ती रोज दूध, साखर, पावडर भरत होती आणि रोज कमी भरत होती. घरी नवरा विचारायचा, "सरळ बसलंय ना?" ती म्हणायची, "बसलंय." ताई धुलाईखान्यातून ओल्या हातांनी घरी यायच्या आणि भाकरी थापायला बसायच्या.

ती मशीन न्यायला आली, त्या दिवशी हॉलमध्ये एकही पंजा तापलेला नव्हता. खुंट्यांवर दोऱ्यांचे दोन-तीन तुकडे लोंबत होते. मॅनेजर टेबलाशी एकटा बसला होता, तसाच इस्त्रीच्या शर्टात.

"ते गिऱ्हाईक उद्या येणार होतं," तो म्हणाला. "फोन करून सांगितलं, नका येऊ. काय दाखवणार?"

तिने प्लग काढला. गुरगुर थांबली तशी हॉलची शांतता एकदम मोठी झाली.

"कुठे ठेवणार आता?"

"बघू."

ती ढकलू लागली. मशीन सहज सरकलं. तो त्याच्या खाली पाहत राहिला.

"चाकं काढायची राहिली होती तुमची."

"राहिली नव्हती, साहेब."

त्याने ताडपत्रीकडे पाहिलं. मग मान हलवली, एखाद्याने बरोबर वेळ सांगितल्यासारखी.

दारात उंबरठ्याला पुढची चाकं अडली. तिने जोर लावला, मशीन डुललं. तो जागचा उठून आला, कडक इस्त्रीच्या बाह्या न दुमडताच खाली वाकला, आणि दोन्ही हातांनी एकेक चाक उचलून बाहेर ठेवू लागला.