वेढेकाकूंचा बॅलन

आमच्या प्रयोगशाळेत यंत्रांभोवतालचं विद्युतक्षेत्र मोजतात. माझ्या हाताखाली चार इंजिनीअर आहेत, पण आम्हा सगळ्यांचं घोडं अडतं ते वेढेकाकूंपाशी. अंगठीएवढ्या काळ्या कडीवर तांब्याच्या तारेचे वेढे घालून त्या बॅलन बनवतात. सेन्सरच्या दोन टोकांतून एकमेकांच्या विरुद्ध असे दोन संकेत येतात. बॅलन त्यांचा एक करून केबलमध्ये सोडतो, आणि केबलने वाटेत उचललेला भलत्या संकेतांचा कचरा बाहेरच ठेवतो. काकू वेढे मोजत असताना त्यांच्याशी बोलायचं नाही, साहेबांनीसुद्धा नाही. मी एकदा ‘चहा घेणार?’ विचारलं, तर त्यांनी सगळी तार उलगडून टाकली आणि मला आठवडाभर पाण्यात पाहिलं.

त्या दिवशी टेबलावर माझ्या दादाचं यंत्र होतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणारी पेटी. तीन वर्षं तिच्यापायी त्याने घरात कुणाला धड वेळ दिला नव्हता. अशा पेटीचं क्षेत्र जास्त असलं, तर शेजारचं श्वास मोजणारं यंत्र फसतं. बाळाचा श्वास थांबला तरी गप्प बसतं. म्हणून मर्यादा ठरलेली, मापनयंत्राच्या पडद्यावरचे पाच चौकोन.

रेघ वर उसळली ती चार चौकोन. दादाने मला मिठीच मारली. मी सहीसाठी पेन काढलं.

“सेन्सर उलटा ठेवून बघितलास का गं?” काकूंनी कोपऱ्यातून विचारलं.

“काकू, चार आलेत!”

“आलेत ना? मग बघ.”

सेन्सर उलटा केला की रेघ तेवढीच खाली जायला हवी. आम्ही ही खातरजमा आकडा वाईट आला तरच करायचो. चांगल्या आकड्याला कोण नावं ठेवतं?

रेघ खाली गेली ती सात चौकोन.

काकूंनी बॅलन काढून भिंगाखाली धरला. नख एकेका वेढ्यावरून फिरलं. “एकीकडे नऊ, दुसरीकडे आठ. सारखे हवे होते. कचरा इथूनच शिरला. माझ्याच हातचा आहे.” वीस वर्षांत त्यांची चूक कुणी पाहिली नव्हती. आज ती त्यांनीच चारचौघांत दाखवली, आणि आवाज जरासुद्धा कापला नाही. माझ्याच्याने हे झालं नसतं.

त्या नवा बॅलन गुंडाळत होत्या तेवढी वीस मिनिटं कुणी ब्र काढला नाही. मग रेघ वर साडेपाच, खाली साडेपाच. माप खरं, आणि मर्यादेबाहेर.

“अर्ध्या चौकोनासाठी?” दादा भडकला. “बाळाला काय कळणार आहे?”

“बाळाला सांगता येत नाही, म्हणून तर आपण मोजतो,” काकू म्हणाल्या.

मी नापासाच्या अहवालावर सही केली. दादाने महिनाभर माझ्याशी अबोला धरला. जेवताना शेजारी बसून मीठसुद्धा वहिनीमार्फत मागायचा.

मग तो पेटीची आतली वायरिंग बदलून परत आला. रेघ वर गेली ती तीन चौकोन. मी काही बोलायच्या आत तो स्वतःच उठला आणि त्याने सेन्सर उलटा ठेवला. पडद्याकडे पाहिलं, मग काकूंकडे वळला. काकू वेढे मोजत होत्या. एरवी दम न धरणारा माझा भाऊ तोंड मिटून त्यांच्या टेबलापाशी उभा राहिला. शेवटचा वेढा पडला, काकूंनी मान वर केली, तेव्हा म्हणाला,

“काकू, खालीही तीनच.”