नियम नववा: वही कुणीही पाहावी

आमच्या मंडळाचे नियम मी लिहिले, हे आधीच कबूल करते. नंतर ते दुसऱ्या कुणाच्या माथी मारायला नको.

कुठल्याही देवाधर्माच्या आधाराशिवाय माणसाने माणसाच्या उपयोगी पडावं, असं मानणारी आम्ही एकवीस माणसं. आजाऱ्याजवळ बसायचं, एकट्यादुकट्याला सोबत करायची, आमच्यातलं कुणी गेलंच तर प्रार्थनेऐवजी चार खरे शब्द बोलून निरोप द्यायचा, एवढंच आमचं काम. पण तेही लोकांच्या डोळ्यांत खुपत होतं. आमच्यातल्या न्हाव्याच्या दुकानाची काच दोनदा फुटली. माझ्या दारावर कुणीतरी डांबर फासलं. म्हणून मंडळाची रीतसर नोंदणी करायचं ठरलं, आणि नोंदणीला नियम लागतात. माझ्या चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही त्यासाठी सहा रविवार बसलो.

नववा नियम माझा लाडका. सभासदांची वही ज्याला पाहायची असेल त्याला चार दिवसांच्या आत दाखवावी, कारण विचारू नये. कारकूनकाकांनी, म्हणजे कोर्टातून निवृत्त झालेल्या आमच्या चिटणिसांनी, लगेच हात वर केला. दार एवढं सताड उघडं ठेवू नका, म्हणाले, चांगली माणसंच आत येतील असं नाही. मी तेव्हा तोऱ्यात होते. ज्या देवघरांमधून आपण बाहेर पडलो तिथे सगळं झाकून चालायचं, आपण तसं करायचं नाही, असं मी ऐकवलं. वर "कर नाही त्याला डर कशाला" हेही ऐकवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी वहीच्या पानांवर आकड्यांचे शिक्के मारले आणि मी नियम छापून दुकानाच्या भिंतीला डकवले. पायावर धोंडा पाडून घ्यायची इतकी हौस मी दुसऱ्या कुणात पाहिलेली नाही.

काही महिन्यांनी, एका बुधवारी दुपारी एक माणूस दुकानात आला. साठीचा, इस्त्रीचा सदरा, मऊ बोलणं. चष्म्याच्या दांडीचा स्क्रू ढिला झाला होता, तो मी आवळून दिला. चष्मा डोळ्यांवर चढवून त्याने भिंतीवरचे नियम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. एवढे तर आमच्या सभासदांनीसुद्धा वाचले नसतील.

"वही पाहायची होती," तो म्हणाला.

"कशासाठी?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"कारण विचारायचं नाही, असंही तिथेच लिहिलंय ना?"

वही काकांकडे आहे, रविवारी चार वाजता सभेला या, असं मी म्हणाले. वही माझ्या पाठीमागच्या कपाटात होती. तो बरं म्हणून गेला आणि मी कपाटाला कुलूप घातलं.

भीती माझ्या जिवाची नव्हती. दुसऱ्या पानावर माझ्या धाकट्या बहिणीची सही होती. धाकटीचा नवरा तिला सोडून गेला होता आणि जाताना सहा वर्षांच्या लेकीला आपल्या आईकडे घेऊन गेला होता. पोर कुणाकडे राहणार याचा निकाल पुढच्या गुरुवारी होता. नवऱ्याच्या वकिलाचं एकच पालुपद होतं, की बाई देव मानत नाही, नास्तिकांच्या टोळीत आहे, अशा आईकडे पोरीला कसलं वळण लागणार? बोलत होता, पण हातात पुरावा नव्हता. पुरावा माझ्या कपाटात होता, मीच आखलेल्या वहीत. आणि सही करायला धाकटी तयार नव्हती, मीच हट्ट धरला होता.

गुरुवारी तो माणूस पुन्हा दिसला. दुकानासमोरच्या बाकावर बसून माझ्या दाराकडे बघत होता. शुक्रवारीही होता. मधेच उठायचा आणि कुणी गिऱ्हाईक आत आलं की परत बसायचा. भिंगं घासताना माझं लक्ष त्या बाकावर, दोन भिंगं फुकट गेली.

काकांकडे गेले. नियम बदलायचा तर सात दिवसांची सूचना द्यावी लागते, हेही मीच लिहिलं होतं. नाव कमी करायचं तर एक आडवी रेघ मारायची आणि खालचं नाव वाचता आलं पाहिजे, हेही माझंच. वही दाखवली नाही तर एका तक्रारीवर नोंदणी अडेल आणि असल्या तक्रारीसाठी टपलेले पुष्कळ होते. मी सांगितलं होतं, असं काका म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

मग धाकटीकडे गेले. ती शिवणयंत्रावर होती. मी सगळं सांगितलं तरी तिने पाय थांबवला नाही, बाहीची शिवण पूर्ण केली, धागा तोडला.

"ताई, सही मी तुझ्या शब्दावर केली."

"माहीत आहे गं."

"मग मला नियम सांगू नकोस. माझी पोर माझ्याकडे येणार की नाही, तेवढं सांग."

आमची आई गेल्यापासून तिच्या प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे उत्तर असायचं, बहुतेक वेळा तिने न विचारताच.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं. तो बाकावर होता, त्याचे बूट शटरखालून दिसत होते. मी आतल्या मोरीपाशी गेले आणि पात्याने दुसरं पान मुळाशी कापलं. त्यावर पाच सह्या होत्या, चार जिवंतांच्या आणि एक गेलेल्या बाईची. मला त्यातली एकच दिसत होती. पान पेटवलं, राख पाण्याने वाहून गेली. ज्या बाईने सहा रविवार पारदर्शकतेवर भाषणं दिली, तिने हे केलं. धूर बाहेर जाईल म्हणून खिडकीसुद्धा उघडली नाही.

रविवारी तो चारला पाच मिनिटं असतानाच आला. खोलीत आम्ही सातआठ जण होतो. धाकटीला मी येऊ दिलं नव्हतं. त्याला सगळ्यांनी जागा करून दिली, जरा जास्तच. मी वही समोर ठेवली.

त्याने पहिल्या पानावर बोट ठेवलं आणि एकेक नाव ओठांतल्या ओठांत वाचलं. पान उलटलं. तिसरं पान तसंच वाचलं. मग थांबला. वरचा आकडा पाहिला, मागे गेला, शिवणीपाशी उरलेल्या कागदाच्या कडेवर अंगठा फिरवला.

"दोन नंबरचं पान कुठे आहे?"

"शाई सांडली होती. काढून टाकलं."

कारकूनकाका उगाचच खोकले.

"त्यावर कोण कोण होतं?"

"तसं सांगता येणार नाही," मी म्हणाले.

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "एक नर्स होती का? मोठ्या दवाखान्यात, रात्रपाळीला असायची. गेल्या थंडीत गेली," तो म्हणाला. "माझी मुलगी."

लाजेची गोष्ट आहे, पण खरं सांगते, आधी माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. वकिलाचा माणूस नाही, पोर वाचली, एवढंच मनात आलं. बाकीचं नंतर आलं. त्या नर्सला शेवटचा निरोप आम्हीच दिला होता. तिच्या घरून कुणी आलं नव्हतं.

तो हळूहळू बोलत राहिला, माझ्याकडे न बघता. सहा वर्षांपूर्वी ती घरची प्रार्थना सोडते म्हणाली, तेव्हा त्यानेच तिला सांगितलं होतं, की यापुढे माझं नाव लावू नकोस. तिने उलट शब्द काढला नाही, निघून गेली. ती गेल्याचा निरोप आला तेव्हाही तो उंबरठा ओलांडू शकला नाही. नंतर तिच्या खोलीत आमच्या सभेचा कागद सापडला. तीन दिवस तो बाकावर बसून धीर गोळा करत होता. दुकानात एकटी मी असेन तेव्हा आत यायचं होतं त्याला, पण गिऱ्हाइकं यायची.

"कुणालाही दाखवतात, कारण विचारत नाहीत, असं लिहिलं होतं," तो म्हणाला. "म्हणून तर आलो. कारण सांगायची माझी तयारी नव्हती."

न्हावी माझ्याकडे बघत होता. त्याचीही सही त्याच पानावर होती, ती कुठे गेली हे त्याला त्या क्षणी कळलं असावं.

"तिने पूर्ण नाव लिहिलं होतं का?" नर्सच्या बापाने विचारलं. "म्हणजे मधे माझं नाव होतं का?"

हो म्हणणं सोपं होतं. त्या आठवड्यात मी इतकं खोटं बोलले होते, त्यात आणखी एकाची भर. काकांनी तर तोंड उघडलंही होतं. पण त्याने खोलीत दुसऱ्या कुणाकडे पाहिलंच नाही. वहीतली प्रत्येक सही मी स्वतः समोर बसून घेतली होती. तारीख नीट घाला, अक्षर वाचता येऊ द्या, अशी प्रत्येकाच्या डोक्यावर बसले होते. तिच्याही बसले असणार. मी डोळे मिटून पाहिलं. मोरी दिसली, काळा होत जाणारा कागद दिसला, त्यावर धाकटीचं नाव दिसलं. दुसरं काही नाही.

"मला आठवत नाही," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. वही मिटली नाही. जागेवरच थोडा मागे सरकून नीट बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"थांबतो मी," तो म्हणाला. "सावकाश आठवा."