बोर्डाचा रिकामा कोपरा

वैजयंती गेल्यापासून मला काही वाटेनासंच झालंय. लोक म्हणतात, दिलीपराव, रडून मोकळे व्हा. अरे, पण रडू यायला पाहिजे ना!

नोकरीच्या सुरुवातीला तुर्भ्याच्या शेडमध्ये आम्ही कॉम्प्युटर बनवायचो. आजच्या पोरांना वाटतं, खोका उघडला की कॉम्प्युटर निघतो. आम्ही तांबं चढवलेल्या पाटीवर ब्रशने रंगाच्या रेघा काढायचो, बाकीचं तांबं अ‍ॅसिडात विरघळवायचो आणि मग एकेक चिप सोल्डर करायचो. पहिला बोर्ड चालला आणि लगेच खंडेनवमी आली. साहेबांनी पूजेला घरच्यांनाही बोलावलं. नवी नवरी वैजयंती ओलं कुंकू घेऊन थेट चिपांकडेच निघाली. माझा जीव खालीवर! तिचा हात धरून मी तांबं नसलेला कोपरा दाखवला. इथे लाव म्हटलं, इथे काही बिघडत नाही.

पुढे कंपनी बुडाली आणि बोर्ड आमच्या घरी आला. जुईनगरच्या फ्लॅटमध्ये दर खंडेनवमीला ती त्याच कोपऱ्यात बोट टेकवायची. जुनं कुंकू कधी पुसायची नाही, त्यावरच नवं लावायची. घरात तिच्या हातचं म्हणून आता तेवढंच उरलं होतं. साड्या सईने, माझ्या मुलीने, केव्हाच वाटून टाकल्या.

तिला जाऊन वर्ष झालं नाही, म्हणून यंदा घरात सणवार नाही. त्यात वाशीच्या एका कॉलेजने प्रदर्शनासाठी बोर्ड मागितला. सई मागेच लागली. मी विचार करतो म्हटलं. बोर्ड दिला तर वैजयंतीचं बोटही जाणार होतं.

आज अंघोळ करून आलो, तर टेबलावर बोर्ड लखलखीत. सईने स्पिरिट लावून घासला होता. नव्यासारखा झालाय, आता तरी द्या म्हणाली. मी वायर जोडली. बोर्डावरचे सगळे दिवे लागले. सई खूष झाली, मला काहीच वाटलं नाही. कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. अंगठा कोराच राहिला.

"तिथे तुझ्या आईचं बोट होतं," मी म्हटलं.

सईचा चेहरा उतरला. आत जाऊन तिने कचऱ्याच्या डब्यातून कापसाचा बोळा काढून आणला. लाल झालेला, अजून ओला. मी तो मुठीत धरला.

"बोर्ड घेऊन जा. हा राहू दे."

वाटलं, आता तरी रडू येईल. पण ते सईलाच आलं.