वाटीतलं खोबरेल आणि खिळ्यावरचा बेल्ट

मित्रांनो, बेळगुंदीला मष्णूच्या घरी गेलात तर सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, डाव्या हाताला बघा. छत्रीच्या शेजारी खिळ्याला एक काळं वेटोळं लोंबतंय. किंचाळू नका, साप नाही. तो मी आहे, मष्णूच्या जीपचा जुना फॅन बेल्ट. पट्ट्याला कसली आलीय गोष्ट, असं म्हणून हसाल तर हसा बापडे. माझी गोष्ट सुखाची आहे, आणि सुखाची गोष्ट पोटात ठेवली की मला चैन पडत नाही.

माझा जन्म रबराच्या कारखान्यात झाला. आत सुताचे पदर, वर काळं रबर, आणि मग भट्टीत असा शेकून निघालो की आजही उन्हाळ्याचं मला काही वाटत नाही. अंगावर पांढऱ्या अक्षरांत नंबर छापला आणि माझी रवानगी बेळगावातल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात झाली. तिथं माझ्याच नंबरचा, माझ्याच घडणीचा एक जोडीदार होता. तो माझ्या आधी कपाटात आला होता, म्हणून मी त्याला थोरला म्हणायचो.

एक दिवस मष्णू दुकानात आला. मिलिटरीत पंधरा वर्षं गाडी हाकून तो गावी परतला होता आणि लिलावात एक जुनी जीप घेऊन आला होता. त्या जीपमधून तो रताळ्यांची पोती बेळगावला न्यायचा. दुकानदारानं एक बेल्ट काढला, तसा मष्णू म्हणाला, "दोन द्या. एक गाडीत, एक घरात. मिलिटरीत आमाला असंच शिकिवलंय." अशा रीतीनं आम्ही दोघे बेळगुंदीला आलो. थोरला जीपमध्ये बसला आणि मी राहिलो घरात.

आता तुम्हाला आमचं काम सांगतो. इंजिन फिरलं की आम्ही फिरतो, आणि आमच्याबरोबर पंखा, पाण्याचा पंप आणि वीज करणारा डायनॅमो, असे तिघे फिरतात. आम्ही ढिले पडलो की पंखा रेंगाळतो, पाणी उकळतं आणि गाडी रस्त्यात फुरंगटून बसते. एवढासा पट्टा, पण त्याच्यावाचून जीपचं पान हलत नाही. हे मी फुशारकीनं सांगतोय, कबूल आहे. तीन वर्षं नुसतं टांगून राहिल्यावर माणूससुद्धा थोडी फुशारकी मारतो.

होय, तीन वर्षं! सुरुवातीला मी हाताला येईल अशा खुंटीवर होतो. मष्णूची आई मनुबाई मला कधीमधी चाचपून बघायची. एकदा तिनं मला खाली काढलं आणि वासराच्या गळ्यात घालून बघितलं. "दाव्याला लई ब्येस हाय की रं हे," ती म्हणाली. मष्णू धावतच आला. "आये, त्याला हात लावायचा न्हाय!" त्यानं मला वासराच्या गळ्यातून सोडवलं आणि शिडी लावून सोप्याच्या पार आढ्याजवळच्या खिळ्यावर टांगलं. तिथं कोळ्यानं माझ्यात जाळं विणलं. खालून थोरला रोज बेळगावला जायचा, संध्याकाळी धुळीनं माखून यायचा, आणि मी आपला वरून बघत बसायचो. खरं सांगतो, फार कमीपणा वाटायचा.

त्या वर्षी श्रावणात मष्णूची बायको जयाबाई कणकुंबीला, तिच्या माहेरी, बाळंत झाली. मुलगी झाली. पण कणकुंबीचा पाऊस म्हणजे काय विचारता! महिनाभर सूर्याचं तोंड दिसत नाही आणि रस्त्यावर झाडं आडवी पडतात. मष्णू एकदा एसटीनं जाऊन लेकीला बघून आला. मनुबाईला मात्र गुरं टाकून हलता आलं नाही, आणि पुढं घरात घट बसले. "नाक कुणागत हाय रं? केस हाईत का डोस्कीवर?" असं ती मष्णूला दिवसातून चारदा विचारायची. तिची ती पहिली नात होती.

शेवटी व्याह्यांचा निरोप आला. दसऱ्याला या आणि मायलेकींना घेऊन जा. दसरा चुकला तर मात्र दिवाळी इथंच करून मग धाडू. मनुबाईनं तो निरोप ऐकला आणि त्या दिवसापासून दसऱ्याचे दिवस बोटांवर मोजायला लागली. नातीला माखायला तिनं खोबरं वाळवून घाण्यावरून खास तेल काढून आणलं होतं. ती वाटी ती कुणाला हुंगूसुद्धा द्यायची नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी आली. कुळव, विळे, खुरपी, पहार सगळी धुऊन अंगणात मांडली. जीप तर नवरीसारखी सजली होती. मष्णूनं पूजेसाठी बॉनेट उघडून ठेवलं आणि तो झेंडूच्या माळा ओवायला आतल्या घरात गेला. मी वरून बघत होतो. मनुबाई वाकली, थोरल्याला हळदकुंकू लावलं, आणि इकडंतिकडं बघून पदराआडची वाटी काढली. नातीचं खोबरेल! दोन बोटं तेलात बुडवून तिनं थोरल्याला आतून बाहेरून चोळलं.

"माझ्या बाळीला तूच आणणार हाईस न्हवं?" ती त्याला म्हणाली. "मग तुला नगो व्हय रं तेल? लई कोरडा पडलाईस."

तिचं चुकलं असं मी तरी कसं म्हणू? तिचा सगळा जन्म बैलांच्या सापत्यांना, म्हणजे जुवाच्या गळपट्ट्यांना, तेल पाजण्यात गेला होता. कातडं तेलाविना तडकतं, हे तिला ठाऊक. रबराचं ते उलट असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि मला तरी त्या वेळी ते कुठं आठवलं? मी मत्सरानं जळत होतो. थोरल्याला हळद, थोरल्याला कुंकू, थोरल्याला खोबरेल, आणि मला? मी उंच खिळ्यावर, तिचा हात पोचत नव्हता. तिनं वर बघितलं, "ऱ्हा तू तसाच," म्हणाली आणि निघून गेली. मित्रांनो, मला रडू आलं असतं, पण रबराला तीही सोय नाही.

दसऱ्याच्या सकाळी मष्णूनं जीप चालू केली, आणि अशी काही 'चींऽऽ' अशी किंकाळी उठली की गोठ्यातली म्हैस दावं ओढायला लागली. मनुबाई खुशीत म्हणाली, "बग, गाडीलाबी आनंद झालाय." गाडी वळणावरच्या देवळापर्यंत गेली असेल नसेल, तोच नाकातून वाफ सोडत, रडतखडत परत आली. मष्णूनं बॉनेट उघडलं. आधी वाफ बाहेर आली, आणि वाफेच्या मागोमाग खोबरेलाचा वास.

"आये," मष्णू सावकाश म्हणाला, "बेल्टाला तेल कुणी लावलं?"

"मीच की रं. बाळीचं लावलं."

"तेल लावलं की तो घसरतोय गं! पंखा फिरंना, पाणी उकळाय लागलं. आता हा बेल्ट गेला कामातनं."

मनुबाईचा चेहरा पार उतरला. ती पायरीवर मटकन बसली. "म्हंजी मीच माझ्या नातीची वाट अडिवली व्हय रं?" तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं. सणाचा दिवस, बेळगावातली दुकानं बंद. कडक इस्त्रीचा सदरा घालून शेजारचा भावकू अंगणाच्या दगडी गडग्यावर बसला होता, त्याला गप्प राहवेना. "काय काकू, तेल लावलासा, आता गाडीची येणीबी घाला की!" मष्णूनं त्याच्याकडं असं बघितलं की तो लगेच आभाळात ढग शोधायला लागला.

मग मष्णू एकदम थांबला आणि त्यानं वर माझ्याकडं बघितलं. तीन वर्षांत पहिल्यांदा! शिडी आली, कोळ्याचं घर मोडलं आणि मी खाली उतरलो. मष्णूनं मला ताणून, वाकवून, उन्हात धरून बघितलं. "कोरडा ठणठणीत हाय," तो म्हणाला. "आये, बरं झालं तुजा हात ह्याला पोचला न्हाय." मित्रांनो, ज्या तेलासाठी मी काल जळलो, ते मिळालं नाही म्हणून आज माझी निवड झाली होती.

इंजिन निवल्यावर कामाला सुरुवात झाली. मष्णूनं पान्यानं डायनॅमोचा नट सैल केला, डायनॅमो आत ढकलला आणि थोरल्याला पंख्याच्या पात्यांवरून बाहेर काढलं. तो नुसता निथळत होता. मनुबाई राखेचं घमेलं घेऊन धावली, पण पुलीपाशी येऊन तिचा हात थबकला. "मष्णू, पुली राखेनं घासू का? का त्येबी चालत न्हाय?"

"राख नगो, आये. पेट्रोलचं फडकं घे."

"तेल मी लावलंय, मीच काढणार," म्हणून तिनं तिन्ही पुल्यांच्या खाचा अशा लखलखीत पुसल्या की बोट लावलं तर किरकिर वाजावं. मग मला पात्यांवरून आत घेतलं. इंजिनाच्या खालच्या पुलीवर, पंपाच्या पुलीवर, शेवटी डायनॅमोवर. आता मला ताण द्यायला दोन माणसं हवीत: एकानं पहारीनं डायनॅमो बाहेर रेटून धरायचा आणि दुसऱ्यानं नट आवळायचा. मष्णूनं गडग्याकडं बघितलं. भावकूनं आपल्या सदऱ्याकडं बघितलं.

"त्याला नगो बोलवूस," मनुबाई म्हणाली. पदर खोचला आणि खंडेनवमीचं कुंकू अजून अंगावर असलेली पहार तिनं उचलली. आयुष्यभर शेतातले धोंडे उचकटलेला हात तो! तिनं रेटा दिला आणि मी असा ताठ झालो की माझी तीन वर्षांची मरगळ एका दमात निघाली. मष्णू घाईत होता. "बास, बास. आवळतो."

"थांब," ती म्हणाली. तिनं मला मधोमध अंगठ्यानं दाबून बघितलं. "किती दबाय पायजे ह्यो?"

"बोटभर."

"बैलाच्या सापतीगत म्हण की. एक बोट शिरलं तर बैल सुखी. ह्यात दोन शिरत्यात. ढिला हाय रं अजून!"

मष्णूनं स्वतः दाबून बघितलं आणि ओशाळला. आई म्हणत होती ते सोळा आणे खरं होतं. तसाच आवळला असता तर वाटेतल्या जांबोटीच्या चढाला मीही घसरलो असतो. मनुबाईनं पुन्हा पहार रेटली. "हां, आवळ आता!" आणि मी एका बोटाच्या मापानं बरोब्बर बसलो.

रेडिएटरात पाणी भरलं, इंजिन सुरू झालं. किंकाळी नाही, कुरकुर नाही. मी फिरायला लागलो! तो आनंद तुम्हाला कसा सांगू? पहिल्यांदा सायकल सुटी चालवलीत तो दिवस आठवा. जांबोटी गेलं, जंगल लागलं, चढ आले, वळणं आली. पंखा भरारत होता, पाणी थंड होतं. कणकुंबीला पोचलो तेव्हा व्याही दारातच उभे होते. "आमी समजलो आता दिवाळी हितंच," ते म्हणाले. मष्णूनं नुसतं बॉनेट थोपटलं. मला वाटलं, मलाच थोपटलं.

दिवस मावळायच्या आत आम्ही बेळगुंदीच्या वेशीत आलो. मनुबाई दुपारपासून तिथं उभी होती. जयाबाईनं दुपट्यातलं गाठोडं तिच्या हातांत दिलं. मनुबाई नुसती हसत होती आणि डोळे गळत होते. मग आपट्याची दोन पानं तिनं जीपच्या बॉनेटवर ठेवली. "सोनं घे बाबा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात मनुबाई पाय पसरून बसली, नात पायांवर, शेजारी खोबरेलाची वाटी. तिनं बोटं तेलात बुडवली आणि हात तसाच हवेत थांबला. "जया," तिनं घाबरत विचारलं, "हिला तेल चालतंय न्हवं?" जयाबाईला मष्णूनं सगळं सांगितलं होतं. ती पोट धरून हसली. "लावा आत्ती, पायजे तेवढं लावा. ही काय घसरत न्हाय!"

मित्रांनो, सहा वर्षं मी जीपमध्ये फिरलो. दर खंडेनवमीला मनुबाई मला कोरड्या फडक्यानं पुसायची आणि कुंकू लावायची ते बॉनेटला. माझ्या अंगावर भेगा पडल्या तेव्हा मष्णूनं घरच्या घरी, अंगणातच मला उतरवलं आणि नवा बेल्ट चढवला. पहार अर्थातच मनुबाईच्या हातात होती. माझं एकच मागणं आहे. वस्तू असो, जनावर असो, माणूस असो, माया जरूर करा. पण त्याला काय हवं ते आधी विचारा. आम्हाला बोलता येत नाही, म्हणून जाणत्याला विचारा. आणि एका बोटाची जागा तेवढी ठेवा.

परवाच्या खंडेनवमीला ती नात, मालू, आता सात वर्षांची, माझ्या खिळ्याखाली उभी राहिली. हातात वाटी होती. "आज्जी, ह्याला तेल लावू?" मनुबाई उठली, काठीनं मला खाली काढलं आणि माझ्या भेगांवरून हात फिरवला.

"मष्णू," तिनं आत हाक मारली, "ह्यो आता परत गाडीत जायाचा न्हाय न्हवं?"

"न्हाय गं, आये. त्याचं झालं काम."

"मग लाव बाळी," मनुबाई म्हणाली. "चांगलं चोळून लाव. लई वर्सं वाट बगितलीया त्यानं."