दोरीतल्या खुंट्या

“चहा आहे की कपबश्या विसळलेलं पाणी?” सासूबाई थर्मासच्या झाकणात बघत पुटपुटल्या. “साहेबलोक अकराला यायचेत. तोवर माझ्यात जीव राहायला नको?”

एरवी मी उलट बोलले असते. माझं लक्ष खुंट्यांकडे होतं.

आम्ही दोघी ढिगाऱ्याच्या तिसऱ्या टप्प्यावर बसलो होतो. कोळशाच्या वर जे काही निघतं, माती, मुरूम, दगड, ते खाणीने तीस वर्षं इथे आणून ओतलं आणि त्याचा डोंगर झाला. गेल्या चार वर्षांत आम्ही त्याला पायऱ्या पाडल्या, पाण्याला चर काढले, वर चांगल्या मातीचा थर पसरला, गवत लावलं, झाडं लावली. झाडं लावणाऱ्या बावीस बायकांच्या मुकादम माझ्या सासूबाई. मी मोजणीवाली. लागले होते यंत्राची तिपाई उचलायला; यंत्राला डोळा लावायला माझी मीच शिकले.

सासूबाईंना वाकडं म्हणून काही खपत नाही. मी वाळत घातलेले कपडेसुद्धा त्या पुन्हा काढून, काठाला काठ जुळवून घालतात. बायका त्यांना मागून गवंड्याचा ओळंबा म्हणतात. तोंडावरही म्हणतात, त्यांना ते आवडतं.

टप्प्यावर आडव्या ओळीत एकवीस खुंट्या होत्या. बोटाएवढ्या जाड लोखंडी सळ्या, डोक्याला लाल रंग. ओळीच्या दोन्ही टोकांना, ढिगाऱ्याबाहेर, मूळच्या खडकात एकेक पांढरा खांब. दर महिन्याच्या एक तारखेला मी प्रत्येक खुंटीची जागा मोजायची. ढीग सरकला तर खुंटी सरकणार, साधी गोष्ट. सहा महिन्यांत एकही खुंटी केसभर हलली नव्हती. आज त्या आकड्यांखाली माझी सही व्हायची होती, तिच्याखाली तपासणीच्या मॅडमची. मग सोमवारपासून पायथ्याच्या नव्या इमारतीत शाळा भरणार. खिडक्यांना निळा रंग देऊन झाला होता. आमची धाकटी खिडकीजवळची जागा धरूनही आली होती.

पण ओतलेली माती बसते. नवी गादीसुद्धा बसते. सहा महिने जागचा न हललेला ढीग मी कधी ऐकला नव्हता. तिसऱ्या महिन्यातच ते मला खटकलं होतं, आणि तरी मी लिहिलं होतं: हालचाल शून्य. चांगला आकडा कोण उकरत बसतं?

आज सही करायची, म्हणून उठले आणि मधल्या खुंटीशी वाकले. तिच्या खालच्या अंगाला, गवतात, मऊ मातीचा एक ठिपका दिसला. बोट लावलं तर बोट आत गेलं. बुजवलेलं भोक. त्याच्या खाली आणखी एक. त्याच्याही खाली. सहा महिन्यांची सहा भोकं, उतारावर एकाखाली एक. सगळ्यात खालच्या दोघांत दोन बोटांचं अंतर. मग तीन. मग चार. असं वाढत वाढत, सगळ्यात वरच्या भोकापासून खुंटीपर्यंत चांगली वीतभर.

“आई, या खुंट्या तुम्ही हलवता?”

“हलवते कशाला? सरळ करते.” त्यांना प्रश्नच कळला नसावा. “मोठे साहेब पहिल्याच महिन्यात ओरडले होते ना, रांग वाकडी, फोटो घाण येतो म्हणून? तेव्हापासून या खांबापासून त्या खांबापर्यंत दोरी ताणते. दोरीबाहेर गेलेली उपटायची, दोरीत ठोकायची.”

“मी मोजायच्या आधी?”

“मग काय पाहुणे गेल्यावर घर आवरू?”

दुसरा दिवस असता तर मी पोट धरून हसले असते.

“कुठल्या खुंट्या बाहेर जातात?”

“मधल्या.”

“कुठल्या बाजूला?”

त्यांनी थर्मासचं झाकण लावलं. काढलं. पुन्हा लावलं.

“खाली.”

“दर वेळी?”

“तुला मोजता येतं ना? मोज की.”

ही बाई झाडांचे खड्डे वितीने मोजून घेते. चार बोटं कमी पडली तर बायकांना पुन्हा खणायला लावते. तिला वीतभर फरक कळला नाही, असं मी स्वतःलाही सांगू शकत नव्हते.

“खाली शाळा आहे, आई.”

“आणि वर बावीस बायका आहेत. तपासणी फसली की काम बंद. आधी मला घरी बसवतील, मग तुला.” मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, “मी दोरी ओढली. शून्य कुणी लिहिलं?”

जीप वर आली. मोठे साहेब आधी उतरले, मागून मॅडम. टप्प्याच्या कडेला काम करणाऱ्या बायकांनी पदर सावरले, फावडी एका बाजूला ठेवली.

“ही रांग बघा मॅडम,” साहेब म्हणाले. “पट्टी लावून तपासा!”

मॅडमनी कागद चाळले. “सहा महिने शून्य? असं होतं का हो कधी?”

“काम पक्कं असलं की होतं.” साहेब हसले आणि दोन पावलं पुढे आले. त्यांचा बूट बरोबर वरच्या भोकावर पडला. चुकून की जाणून, मी सांगू शकत नाही. पण त्यांनी खाली बघितलं, आणि बूट उचलला नाही.

खालून ठोकाठोक ऐकू येत होती. शाळेची पाटी लावत होते.

कागद जीपच्या बॉनेटवर पसरला. साहेबांनी पेन माझ्या हातात दिलं. पत्रा तापलेला होता; हात टेकवत नव्हता, तरी मी टेकवला.

“मॅडम, मला वाटतं... एकदा पुन्हा मोजून...”

“का?” साहेब म्हणाले. “आकडे तुमचेच ना?”

माझेच होते. पुढचं वाक्य बोलायचं तर त्यात सासूबाई येत होत्या, आणि तेवीस वर्षं आम्ही दोघी एका ताटात जेवलो होतो. मॅडम माझ्याकडे बघत होत्या, साहेब पेनाकडे. बायका जमिनीकडे बघत होत्या, सगळ्या एकाच ठिकाणी, त्या मधल्या खुंटीशी. दर महिन्याला दोरीचं दुसरं टोक त्यांच्यातलीच कुणीतरी धरत आली होती.

सासूबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. उठताना नेहमी कण्हतात, आज कण्हल्या नाहीत. जीपजवळ आल्या, माझ्या बोटांतून पेन काढून घेतलं आणि कागदावर आडवं ठेवलं.

“ढीग सरकतोय, मॅडम. शाळेकडे. मी दर महिन्याला झाकत आले.”