बिस्किटांचा डबा

आमच्या आरोग्य केंद्राला मिळालेला फोन फक्त माहिती पाठवण्यासाठी होता. त्यावरून बोलता येत नसे. रुग्णांचे आकडे मी त्यात भरायची. पण गावात रेंजचा पत्ता नाही, म्हणून सकाळच्या बसचा ड्रायव्हर तो सोबत न्यायचा. बस खिंडीत पोचली की आकडे आपोआप शहरातल्या डॉक्टरांकडे जायचे. आकडा धोक्याचा असला की तिकडून रुग्णवाहिका निघायची. संध्याकाळी फोन परत माझ्या टेबलावर.

ड्रायव्हरदादा तो पुढच्या काचेपाशी ठेवायचे. एकदा घसरून पडला, कोपऱ्याला तडा गेला. मी तोंडाचा पट्टा सोडला. "एवढीही अक्कल नाही का? धूळ काय, ऊन काय! फुटला तर नोकरी माझी जाईल, तुमची नाही." माझी जीभ अशीच, घरचेही कंटाळलेत. दादा खाली मान घालून गेले.

दोनच दिवसांनी संध्याकाळी त्यांची लेक तपासणीला आली. आठवा महिना, पायांना सूज, रक्तदाब खूप चढलेला. अशा बाईला बसच्या धक्क्यांत पाठवायचं नाही, रुग्णवाहिकाच बोलवायची, असा आमचा नियम. मी तिला केंद्रातच झोपवलं. सकाळी दादांच्या हातात फोन दिला.

"दादा, लेकीचे आकडे आहेत यात. जपून न्या."

"ताई, आज बघाच तुम्ही."

दुपार झाली, रुग्णवाहिका नाही. मी दर पाच मिनिटांनी दारात. चार वाजता तिला झटके आले. बस परतली तेव्हा दादांनी आधी मोठ्या कौतुकाने एक पत्र्याचा डबा पुढे केला. बिस्किटांचा, घट्ट झाकणाचा. आत कापूस आणि कापसात फोन. "धुळीचा कण लागू दिला नाही!"

फोनवर लिहिलं होतं: पाठवायचे बाकी, बारा रुग्णांचे आकडे. बंद पत्र्यात रेंज कुठून शिरणार?

मी फोन खिशात टाकला. लेकीला बसमध्येच घातलं, दादांनीच गाडी हाणली. खिंडीत माझ्या खिशातला फोन वाजला. आकडे गेले होते. तेव्हा तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि श्वास थांबला होता. बाळही गेलं.

पंधरा दिवसांनी दादा कामावर आले, फोन न्यायला. हातात तोच डबा.

"ताई, तिचे आकडे गेले होते ना?"

"गेले होते."

"मग गाडी का आली नाही?"

दोष माझ्या जिभेचा होता, आणि तो त्यांच्या पदरात कसा टाकू? पण दुसऱ्या कुणाच्या तरी लेकीचे आकडे आज त्या फोनमध्ये होते. मी डबा त्यांच्या हातातून काढून घेतला.

"आजपासून हा नको, दादा. पूर्वीसारखा काचेपाशीच ठेवा."

"अहो, पडला म्हणजे? फुटला तर?"

"फुटू दे."

दादा हसणार होते. मग त्यांची नजर माझ्या हातातल्या डब्यावर गेली, आणि तिथेच राहिली.